डाव्या बरगडीखाली

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी माझं पोट पुन्हा दिसायला लागलं. डाव्या बाजूला, बरगडीखाली, काहीतरी घट्ट आणि गोल वाढत होतं आणि वाढत वाढत बेंबीपर्यंत आलं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. कूस बदलली की ते क्षणभर थांबून माझ्यामागून वळायचं. मृदुलाच्या वेळी सातव्या महिन्यात असंच व्हायचं, हे मला इतक्या वर्षांनीही नीट आठवत होतं. मृदुला, म्हणजे माझी मुलगी, आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. ती घाबरली होती. मी मात्र सकाळच्या उन्हात गॅलरीत बसून त्या फुगवट्यावर हात ठेवायची आणि का कोण जाणे, मला सोबत असल्यासारखं वाटायचं.

ती माझी प्लीहा होती. प्लीहा म्हणजे रक्ताची गाळणी. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी ती मोडून टाकते आणि रक्तात शिरलेले जंतू अडवते. धडधाकट माणसाची प्लीहा मुठीएवढी असते, बरगड्यांच्या आड दडलेली. मला रक्ताचा कर्करोग होता, सावकाश वाढणाऱ्या जातीचा. नऊ वर्षं तो गोळ्यांनी दबून राहिला, मग गोळ्यांना जुमानेना. रोगट पेशींनी प्लीहेत मुक्काम ठोकला, ती फुगली आणि माझ्या चांगल्या पेशीही गिळायला लागली. दंडाला नुसतं कुणी धरलं तरी निळे डाग उमटायचे.

मिरजेला डॉक्टर रझिया मुजावर यांनी मला टेबलावर झोपवून पोट चाचपलं. त्यांची बोटं थंड होती.

"आजी, दीर्घ श्वास घ्या. ही बघा, श्वासाबरोबर खाली येते."

"सगळ्यांची येते का?"

"सगळ्यांची खाली येते, पण कळत नाही. निरोगी प्लीहा हाताला लागतच नाही. लागली, की समजायचं काहीतरी बिघडलंय." त्यांनी माझा पदर सारखा केला. "ही काढावी लागेल."

"काढा."

"एवढ्या लवकर हो म्हणू नका. आधी ऐकून घ्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. रक्ताच्या कर्करोगात प्लीहा काढायची शस्त्रक्रिया जुनीच आहे. मधल्या काळात चांगली औषधं आली आणि ती मागे पडली. आता, म्हणजे २०४१ साली, ती परत आली आहे, कारण काढलेली प्लीहा आता फेकून देत नाहीत. प्लीहेला आठवण असते. जन्मापासून जो जो जंतू अंगात शिरला, त्याची ओळख ठेवणाऱ्या काही पेशी तिथे वस्ती करून असतात. तोच जंतू पन्नास वर्षांनी परत आला, तरी त्या त्याला ओळखतात. प्लीहा गेली की ही ओळख बरीचशी जाते, आणि मग काही जंतू असे आहेत की सकाळी ताप आलेलं माणूस संध्याकाळपर्यंत राहत नाही. धडधाकट माणसाला लस देऊन भागतं. पण कर्करोगाने गांजलेलं माझं रक्त नवीन काही शिकण्याच्या पलीकडे गेलं होतं. त्याला जुनंच शिकलेलं परत द्यायला हवं होतं.

त्यासाठी यंत्र होतं. काढलेली प्लीहा काचेच्या भांड्यात, कोमट द्रवावर, नऊ दिवस जिवंत ठेवायची. यंत्र तिच्यातल्या आठवणीच्या पेशी एकेक करून वाचणार. त्यातल्या निवडक पेशी रोगट पेशींमधून वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या आणि माझ्या शिरेतून मला परत द्यायच्या.

"सगळ्या?" मृदुलाने विचारलं.

"नाही. नऊ दिवसांत अकरा जंतूंच्या पेशी स्वच्छ करता येतात. बाराव्याला वेळ पुरत नाही. प्लीहा थकते."

थकते. मला तो शब्द आवडला.

प्लीहा काढली तेव्हा तिचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम भरलं. मृदुला जन्मली तेव्हा दोन किलो चारशे होती. शुद्धीवर येताना मी नर्सला विचारलं, "काय झालं?" आणि ती हसून म्हणाली, "आजी, प्लीहा झाली." ती मुलगी मला फार आवडली.

तिसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीवरून मला ती बघायला नेलं. छोटी खोली, पडदे ओढलेले, मधाच्या रंगाचा दिवा. काचेच्या भांड्यात ती आडवी पहुडली होती, पिकलेल्या जांभळासारखी गडद. एका नळीतून द्रव आत जात होता, दुसरीतून बाहेर येत होता, आणि त्या तालावर ती हलकेच फुगायची, बसायची. इतकी वर्षं माझ्या आत अंधारात काम करत होती. मी तिच्यासमोर बराच वेळ बसले. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं.

यंत्राने वाचलेली यादी डॉक्टरांनी मला पाटीएवढ्या पडद्यावर दिली. दोनशे चौदा नोंदी. जंतूचं नाव आणि समोर साल. आठवणीच्या पेशींवर वर्षागणिक बारीक खुणा साठत जातात, खोडातल्या वलयांसारख्या, त्यावरून साल काढतात. सहा महिने इकडचे तिकडे.

फोटोंचा अल्बम चाळावा तशी मी ती यादी चाळत बसले. गोवर, १९६३. मला खिडकीला लाल पातळ लावलेली अंधारी खोली आठवली आणि उशाशी ठेवलेल्या कडुलिंबाच्या डहाळ्यांचा वास आला. हिवताप, १९७७. कॉलेजची सहल, ओढ्याकाठचा मुक्काम. २०२० सालच्या साथीच्या तर तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या. न्युमोनिया, जात एकोणीस, २०११. ते वर्ष यजमान गेले त्याच्या आदलं. दवाखान्यात ते माझ्या पायाशी बसून शब्दकोडं सोडवायचे आणि अडलं की मला ताप असतानाही उठवायचे.

आणि मग, दोन सर्दींच्या मधोमध, एक ओळ.

डांग्या खोकला. १९८३.

मी पडदा पालथा घातला.

१९८३ साली आम्ही एका धरणाच्या कामावर होतो. यजमान पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. डोंगर फोडून भिंत उभी राहत होती आणि खाली पत्र्याच्या छपरांची वसाहत होती, एका भिंतीला दोन क्वार्टर. पलीकडच्या क्वार्टरमध्ये त्रिशला मगदूम राहायची. तिचे यजमान सर्व्हेला होते. मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून आमचा संसार चालायचा. ताक इकडून तिकडे, चटणी तिकडून इकडे. ती जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारी. रोज दिवस कलताना तिच्या ताटाचा आवाज झाला की मी ओळखायची, आता आपण कुकर लावायचा.

मृदुला अकरा महिन्यांची होती तेव्हा त्रिशलाला मुलगा झाला. भरतेश. तो दोन महिन्यांचा झाला आणि तिला टायफॉइड झाला. दूध आटलं. वरचं दूध बाळाच्या पोटात ठरेना. एका पहाटे ती भिंतीपाशी आली, भिंतीला धरून उभी राहिली आणि तिने काही न बोलता त्याला माझ्याकडे दिलं. मीही काही न विचारता घेतलं. आमच्याकडे तेव्हा यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. दोन आठवडे, दिवसातून चारदा, तो भिंतीवरून यायचा आणि भिंतीवरून जायचा. सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजायचा. भोंगा झाला की तो दूध प्यायचं थांबून डोळे मोठे करायचा, धडाका होईपर्यंत वाट बघायचा आणि मग परत प्यायला लागायचा. इतक्या लहान बाळाला इतकं धीराने वाट बघताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मला त्या दिवसांत खोकला होता.

वसाहतीत सगळ्यांनाच खोकला असायचा. दगडाचा धुरळा दिवसभर उडायचा, भांड्यांवर, अंथरुणावर बसायचा. कुणी खोकलं की आम्ही म्हणायचो, धुरळा. डॉक्टरसुद्धा धुरळाच म्हणायचे. मीही तेच म्हटलं, पदर तोंडावर धरला आणि त्याला पाजत राहिले. मृदुलाचे लसीचे तिन्ही डोस झाले होते. त्याचा एकही झाला नव्हता.

डिसेंबरात भरतेश निळा पडेपर्यंत खोकायला लागला. नऊ दिवसांत गेला. पलीकडच्या टेकडीवर त्याला पुरलं. दोन वर्षांनी धरणात पाणी अडवलं आणि ती टेकडी पाण्याखाली गेली. त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता.

त्रिशला मला एका शब्दाने काही बोलली नाही. बदल्या झाल्या, आम्ही पांगलो. ती कुरुंदवाडला असते. दर रविवारी आमचा फोन होतो. अठ्ठावन्न वर्षं आम्ही सगळ्या जगाबद्दल बोललो. त्याच्याबद्दल नाही.

अकरा जंतू निवडायच्या दिवशी डॉक्टर मुजावर यादी घेऊन आल्या. दहांवर आमचं एकमत झालं. अकराव्या जागी त्यांनी न्युमोनिया, जात एकोणीस लिहिलं होतं.

"त्या जागी डांग्या खोकला घ्या," मी म्हटलं.

डॉक्टरांना वाटलं मी थट्टा करते आहे. "आजी, त्याचा तुम्हाला धोका नाही. मास्क लावून, जपून भागेल. ही एकोणीस नंबरची जात मात्र प्लीहा नसलेल्यांना गाठते. हिच्यावाचून सोडलेल्या शंभरातले आठ जण दोन वर्षांत दगावतात."

"ब्याण्णव राहतात की."

"आई, गणित नको करूस," मृदुला म्हणाली. "कशासाठी पण?"

डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "उद्या संध्याकाळी सहापर्यंत यंत्राला सांगावं लागेल. तोपर्यंत विचार करा," असं म्हणून त्या गेल्या.

मृदुला स्टूल ओढून समोर बसली. ती इंजिनियर आहे, बापासारखी. कारण कळल्याशिवाय उठत नाही. मी तिला सगळं सांगितलं. भिंत, भोंगा, धुरळा. तिला स्वतःच्या दूधभावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"म्हणजे तू दिलास त्याला, असं तुला वाटतं."

"वाटत नाही. लिहून आलंय."

"तुला झाला होता एवढंच लिहून आलंय. कुणी कुणाला दिला ते कुठं आलंय? त्याच्याकडून तुला झाला असेल."

"मी आधी खोकत होते, मृदू."

तिने विचारलं, "आणि ती आठवण परत घेऊन काय करणार? शिक्षा म्हणून?"

"शिक्षा नाही गं. त्याचं जगात दुसरं काही नाही. फोटो नाही, टेकडी नाही. त्याच्या घशात जो जंतू होता त्याची ओळख त्या काचेच्या भांड्यात आहे. नऊ दिवस भरले की ते यंत्र बंद करतील आणि मग तेही नाही. इतकी वर्षं मी त्याला बाळगलं आणि मलाच माहीत नव्हतं."

मृदुलाने नाक पुसलं. "तू बाळगलंस. ठीक. पण मूल कुणाचं होतं?" ती उठली. "मी त्रिशलामावशीला फोन लावते. अकरावी जागा तुझी असेल, पण ठरवायचा हक्क तुझ्या एकटीचा नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्रिशला आली. ब्याऐंशी वर्षांची, काठीशिवाय, हातात पितळी डबा.

"बिनड्रायव्हरची एसटी आणि त्यात कंडक्टरही नाही," ती दारातूनच म्हणाली. "भांडायचं कुणाशी? तोंडाला फेस आला गप्प बसून." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय गं सुमती, कशी वाळलीस. पोटात एवढं मोठं बाळगून होतीस आणि रविवारच्या फोनला म्हणायचीस, जरा अपचन आहे."

"तुला काय सांगायचं."

"व्हय, मला काय सांगायचं." ती पलंगावर बसली आणि डबा मांडीवर ठेवला. "मृदुलानं सांगितलं, तुला मला काहीतरी सांगायचंय. सांग. सूर्य मावळायच्या आत मला जेवायचंय."

मृदुला बाहेर गेली. मी भिंतीवरच्या निळ्या रंगाकडे बघत सांगितलं. मला खोकला होता. मी धुरळा म्हटलं. मी त्याला पाजत राहिले. आता यंत्राने सांगितलं की तो धुरळा नव्हता. एवढीच चार वाक्यं. त्यातली पहिली तीन अठ्ठावन्न वर्षं माझ्यापाशी होती आणि बोलायला एक मिनिटही लागलं नाही.

त्रिशला डब्याच्या कडीशी बोटानं खेळत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्या दोघींत एक वीट होती, सुमती. मी तापात पडलेली. अख्खा दिवस तुझा खोकला ऐकायची. धुरळ्याचा खोकला वेगळा असतो. माझ्या धाकट्या भावाला डांग्या झालेला, मी त्याला मांडीवर घेऊन बसलेली. तो मागचा आवाज, शीळ घातल्यासारखा. तुझा पुरता तसा नव्हता, पण होता. मला कळलं होतं."

"मग तू..."

"मग मी त्याला तुझ्याकडं दिला. रोज चार वेळा." तिचा आवाज बदलला नाही. "भुकेला होता तो. समोर भूक दिसत होती. खोकल्याचं म्हटलं, बघू. तू एवढी वर्षं मला चुकवत होतीस, व्हय? मला वाटायचं, मीच तुला चुकवतेय. तुला कळलं तर तू म्हणशील, माहीत होतं तर दिलंस कशाला माझ्याकडं, माझ्या माथी का मारलंस."

खिडकीतून ऊन तिरपं येऊन तिच्या पायावर पडलं होतं. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, चाकांचा आवाज लांब लांब जात राहिला. आम्हा दोघींना रडू आलं नाही. रडायचं वय होतं तेव्हा आम्ही वेगवेगळ्या घरांत होतो.

"तो दाखव मला," ती म्हणाली.

मृदुलाने माझी खुर्ची ढकलली, त्रिशला माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. त्या मधाच्या रंगाच्या खोलीत तिने चपला बाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. भांड्यासमोर उभी राहिली. प्लीहा फुगत होती, बसत होती, पण परवापेक्षा सावकाश.

"ह्यात?"

"ह्यात. कुठंतरी. डोळ्यांना दिसणार नाही इतकं."

तिने काचेला तळहात लावला. काच कोमट असते. तिला ते अपेक्षित नसावं, कारण तिने हात जरा काढला आणि मग पुन्हा, जास्त सावकाश, ठेवला. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती आणि मला वाटलं की पलीकडे कुठेतरी भोंगा झाला आहे आणि आम्ही दोघी धडाक्याची वाट बघतो आहोत.

"आणि ह्याच्यासाठी तू ते न्युमोनियाचं सोडणार?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"त्याचं दुसरं काही नाही कुठं, त्रिशला."

"सुमे, तू लहानपणापासून अशीच का गं? दुसऱ्याच्या घरात काय आहे ते विचारायचं नाही, आपल्याच घरचं तेवढं काढून द्यायचं." ती वळली. "तो गेल्यावर मी तीन महिने खोकत होते. माहेरी. सगळ्यांना वाटलं, रडून रडून घसा धरलाय. आई मध चाटवायची. शीळ वाजायची माझ्या घशात, ती कुणी ऐकलीच नाही, कारण ऐकणारी भिंतीपलीकडं होती."

मला समजायला थोडा वेळ लागला. मृदुलाला माझ्याआधी समजलं. तिने तोंडावर हात धरला.

"तुझी आठवण कुणाकडून आली कोण जाणे," त्रिशला म्हणाली. "त्याच्याकडून तुला, का तुझ्याकडून त्याला. पण मला तर त्याच्याकडूनच आला. शेवटचे नऊ दिवस तो माझ्या छातीवरच होता. मग माझ्याकडं असणार की नाही तो? ह्या यंत्राच्या हिशेबानं?"

"असणार," मृदुला हळूच म्हणाली. "मावशी, नक्की असणार."

"कुठं असतंय ते प्लीहा का काय?"

"डावीकडं. बरगडीखाली."

तिने आपला हात तिथे ठेवला, पदराच्या आत. मुलं पोटात हलतात तेव्हा बायका ठेवतात तसा. "माझी कुणी काढलेली नाही. तू आपलं न्युमोनियाचं घे आणि जग. रविवारी फोन कोण करणार मला?"

मृदुला डॉक्टरांना सांगायला गेली. सहाला पंधरा मिनिटं होती. पडद्याच्या फटीतून उतरतं ऊन काचेवर आलं आणि आतला जांभळा रंग क्षणभर लाल झाला. त्रिशला डबा विसरली होती. मी तिला म्हटलं, सूर्य चाललाय, जेवून घे. ती म्हणाली, राहू दे आज.

मग तिने माझा हात धरला, आपल्या कुशीत नेला आणि बरगडीखाली दाबून धरला. तिची कातडी सैल आणि ऊबदार होती. तिने दीर्घ श्वास घेतला. मी बोटं वाकवून, डॉक्टर चाचपतात तशी, आत चाचपून पाहिलं.

"लागला का?" तिने विचारलं.

"नाही. धडधाकट असली तर हाताला लागत नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"मग सुखरूप आहे," त्रिशला म्हणाली आणि माझा हात तिने तिथेच राहू दिला.